घर सुटले, सूर राहिला

गेली काही वर्षे मी या स्मरणिकेत लिहितो आहे आणि दर वर्षी विषय एकच, रेल्वे. यंदा संपादक मंडळाने प्रेमाने दम भरला की इंजिन, डबे आणि वर्कशॉप सोडून काही असेल तरच लेख द्या. तेव्हा आज एका रशियन पियानोवादकाची गोष्ट सांगतो. घाबरू नका, मी काही संगीतातला जाणकार नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला साधा माणूस आहे. पण या पियानोवादकाने मला एका वाईट काळात हात दिला, ते ऋण मानून हे लिहितो आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी खात्याच्या बढतीच्या परीक्षेत मी लागोपाठ दुसऱ्यांदा नापास झालो. बरोबरीचे पुढे गेले. मी पुस्तके बांधून माळ्यावर टाकली आणि कोणी विषय काढला की उठून जाऊ लागलो. त्याच सुमारास इथे खरगपूरला आमच्या शॉपमधून निवृत्त झालेल्या एका बंगाली दादांकडे माझे जाणे-येणे वाढले. त्यांच्या घरी रवींद्रसंगीताच्या शेजारी पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या ओळीने लावलेल्या. एका रविवारी दुपारी त्यांनी काही न सांगता एक तबकडी लावली. सुरुवातीला नुसता पियानो. दुरून देवळातली मोठी घंटा वाजावी तसे आठ स्वरमेळ, हळूहळू जवळ येणारे. मग एकदम वाद्यवृंदाचा लोंढा! अर्धा तास मी जागचा हललो नाही. संपल्यावर दादांनी सांगितले की जो वाजवतो आहे त्यानेच हे रचलेले आहे, आणि हे रचण्याआधी जवळजवळ तीन वर्षे त्याच्या हातून काहीच घडत नव्हते. त्या माणसाचे नाव सर्गेई रखमानिनॉव.

ऐकले ती रचना म्हणजे त्याचा दुसरा पियानो कन्चेर्टो. कन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वादक आणि त्याच्यासमोर मोठा वाद्यवृंद यांचा बहुधा तीन भागांचा संवाद. कधी जुगलबंदी, कधी साथसंगत. एकोणिसाव्या शतकात युरोपात शोपाँ, शुमान, लिस्ट, ग्रीग, चायकोव्स्की यांनी या प्रकाराला भावनेचा जो रंग दिला त्याला रोमँटिक म्हणतात. रखमानिनॉव हा त्या घराण्याचा जवळजवळ शेवटचा वारस. आणि आपले भाग्य असे की आधीच्या बहुतेकांचे वादन काळाच्या ओघात गेले, पण त्याचे मात्र ध्वनिमुद्रिकांमुळे आजही ऐकता येते.

नापास मुलगा

आजच्या कॅलेंडरप्रमाणे १ एप्रिल १८७३ रोजी रशियातल्या नोव्हगोरोद भागात एका जमीनदार घराण्यात त्याचा जन्म झाला. वडील हौशी पण उधळे. एकामागून एक मालमत्ता गेल्या आणि कुटुंब सेंट पीटर्सबर्गच्या भाड्याच्या घरात आले. तिथे घटसर्पाने एक बहीण गेली आणि आईवडील विभक्त झाले. मुलाला आधार होता आजीचा. ती त्याला चर्चमध्ये घेऊन जाई. तिथला समूहगानाचा आणि घंटांचा नाद त्याच्या कानात जो बसला तो जन्मभर गेला नाही. दुसऱ्या कन्चेर्टोची ती सुरुवात आठवा.

पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात मात्र या मुलाचे लक्ष नव्हते. १८८५ मध्ये तो इतर शालेय विषयांत चक्क नापास झाला. आई हवालदिल झाली. तेव्हा चुलत-मामे नात्यातला अलेक्झांडर झिलोती, जो स्वतः लिस्टचा शिष्य, त्याने उपाय सुचवला की मुलाला मॉस्कोला निकोलाय झ्वेरेव्हकडे पाठवा.

झ्वेरेव्हचे घर म्हणजे गुरुकुलच म्हणायचे. निवडक मुलांना तो स्वतःच्या घरी ठेवून घेई. राहणे, जेवण, शिकवणी, कशाचेच पैसे नाहीत. पण शिस्त कडक! पहाटे सहा वाजता पियानोवर बसायचे म्हणजे बसायचे. रविवारी घरी मोठमोठे लोक जमत, त्यात चायकोव्स्कीही असे. पुढे मुलगा मोठा झाला, त्याला रचना करायला स्वतंत्र खोली हवीशी वाटली, आणि गुरुशिष्यांत बिनसले. बोलणे बंद झाले. १८९२ मध्ये रखमानिनॉव मोठे सुवर्णपदक घेऊन मॉस्कोच्या विद्यालयातून बाहेर पडला तेव्हा झ्वेरेव्हने राग विसरून आपले सोन्याचे घड्याळ त्याला दिले. ते त्याने आयुष्यभर सांभाळले.

तीन वर्षांचा अंधार

एकोणीस वर्षांचा सुवर्णपदकविजेता, एक ऑपेरा रंगमंचावर, चायकोव्स्कीची शाबासकी. पुढे सगळे सरळ व्हायला हवे होते. पण १८९७ च्या मार्च महिन्यात पीटर्सबर्गला त्याची पहिली सिंफनी सादर झाली आणि साफ कोसळली. तालीम अपुरी, वादन विस्कळीत. रचनाकार स्वतः सभागृहाच्या जिन्यावर कानांत बोटे घालायच्या अवस्थेत बसला होता. सेझार क्यूई या नावाजलेल्या संगीतकार-समीक्षकाने वर्तमानपत्रात तिची अशी खिल्ली उडवली की ती टीका आज सिंफनीपेक्षा जास्त सांगितली जाते. तेवीस वर्षांच्या पोराचे मन त्याने मोडले. त्यानंतर ती सिंफनी त्याच्या हयातीत पुन्हा वाजली नाही.

पुढे जवळजवळ तीन वर्षे लिहायला बसले की हात थांबे. पोटासाठी तो शिकवण्या करी, एका खासगी ऑपेरा कंपनीत वाद्यवृंद चालवी. म्हणजे वरवर पाहता माणूस कामात होता, आतून मात्र बंद पडला होता. आपल्यापैकी अनेकांनी अशी माणसे पाहिली असतील, काहींनी आरशातही पाहिली असतील.

शेवटी १९०० च्या जानेवारीत नातेवाइकांनी त्याला डॉक्टर निकोलाय दाल यांच्याकडे नेले. हे संमोहनाचा उपचार करत आणि स्वतः हौशी वादकही होते. रोज खुर्चीत अर्धवट झोपेत बसवून ते त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत की तू कन्चेर्टो लिहिणार आहेस, काम सहज होणार आहे आणि ते उत्तम होणार आहे. उन्हाळ्यापर्यंत सूर पुन्हा सुचू लागले. दुसरा आणि तिसरा भाग आधी झाला, पहिला नंतर. १९०१ च्या नोव्हेंबरात मॉस्कोला पूर्ण रचना सादर झाली तेव्हा पियानोवर तो स्वतः आणि वाद्यवृंदापुढे तोच झिलोती. कन्चेर्टो त्याने अर्पण केला डॉक्टर दाल यांना! जगातल्या सर्वात लोकप्रिय रचनांपैकी एक अशी एका डॉक्टरच्या नावावर आहे.

या रचनेची एक गंमत सांगतो. आठ स्वरमेळ वाजवून पियानो दार उघडतो, आणि मुख्य चाल मात्र व्हायोलिन वगैरे तंतुवाद्ये घेतात. नायक असलेला पियानो खाली राहून त्यांची साथ करतो. मैफलीत मुख्य गवयाने पहिल्याच बंदिशीला तबल्यावर बसावे तसे हे आहे. नुकत्याच आजारातून उठलेल्या माणसाचा हा नम्रपणा मला फार भावतो.

४४ व्या वर्षी नवी नोकरी

१९०२ मध्ये नात्यातल्याच नताल्या सातिनाशी लग्न झाले, दोन मुली झाल्या. तांबोव्ह प्रांतातले इव्हानोव्हका हे सासरचे खेडे त्याचे खरे घर बनले. शेती, घोडे आणि मोटारगाडी यांचे त्याला विलक्षण वेड. तिथेच १९०९ मध्ये त्याने तिसरा कन्चेर्टो लिहिला. तो अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यासाठी होता आणि सराव करायला वेळ कमी, म्हणून बोटीवर त्याने आवाज न होणारी पट्ट्यांची फळी बरोबर घेतली आणि समुद्रावर मुकाट बोटे चालवत राहिला. न्यूयॉर्कला २८ नोव्हेंबर १९०९ रोजी तो प्रथम वाजला. काही आठवड्यांनी पुन्हा वाजला तेव्हा वाद्यवृंद चालवायला थोर संगीतकार गुस्ताव्ह मालर होता.

मग आली १९१७ ची क्रांती. इव्हानोव्हकाचे घर हातचे गेले. स्वीडनमधून कार्यक्रमाचे बोलावणे आले ते निमित्त झाले. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत बायको आणि दोन मुलींसह तो पेत्रोग्राडहून गाडीत बसला, सीमेवर उघड्या स्लेजमधून बर्फ तुडवला आणि रशियाबाहेर पडला. सोबत थोडे सामान आणि काही हस्तलिखिते. परत पाऊल पडले नाही.

वय ४४. आतापर्यंत तो मुख्यतः रचनाकार आणि वाद्यवृंद-संचालक होता, मैफलीत बहुधा स्वतःच्याच रचना वाजवी. आता घर चालवायचे तर दुसऱ्यांचे संगीत वाजवून पैसे मिळवावे लागणार होते. या वयात त्याने विद्यार्थ्यासारखा नवा अभ्यास केला. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांची संचालकपदे चालून आली, ती नाकारली. १० नोव्हेंबर १९१८ ला तो न्यूयॉर्कला उतरला. दुसऱ्याच दिवशी पहिले महायुद्ध संपल्याचा जल्लोष रस्त्यावर सुरू झाला!

तिथून पुढची २५ वर्षे म्हणजे दौरे, दौरे आणि दौरे. हंगामात साठ-सत्तर कार्यक्रम. रेल्वेवाल्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे एका हंगामात हॉटेलांना कंटाळून त्याने रेल्वेचा एक खासगी डबाच भाड्याने घेतला आणि त्यात पियानो ठेवला. मिळवलेला पैसा एकट्याने खाल्ला नाही. रशियात उपासमार होती तेव्हा ओळखीच्यांना अन्नाची पार्सले पाठवत राहिला. १९२३ मध्ये एक निर्वासित रशियन इंजिनिअर विमानाचा कारखाना काढून पैशाविना अडला होता. रखमानिनॉवने त्याला पाच हजार डॉलर दिले आणि कंपनीला वजन यावे म्हणून नावापुरते उपाध्यक्षपदही घेतले. तो इंजिनिअर म्हणजे पुढे हेलिकॉप्टरसाठी जगप्रसिद्ध झालेला इगोर सिकोर्स्की.

आम्हा बंगालमध्ये राहणाऱ्यांना जवळची वाटेल अशीही एक घटना आहे. १९३० मध्ये रवींद्रनाथ ठाकूर रशियाला जाऊन आले आणि तिथल्या शिक्षणप्रसाराचे त्यांनी कौतुक केले. त्यावर आक्षेप घेणारे एक पत्र जानेवारी १९३१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आले आणि सही करणाऱ्या तिघांत रखमानिनॉव होता. गुरुदेवांनी रशियन सरकारला द्वेष आणि जबरदस्तीबद्दल सावधही केले होते, पण ती मुलाखत त्या वेळी तिथे छापलीच गेली नाही. पत्राची किंमत रखमानिनॉवला मोजावी लागली. त्याच्या संगीतावर मायदेशात काही काळ बहिष्कार पडला. घर आधीच गेले होते, आता घरात वाजणारा सूरही बंद झाला.

आणि सर्वात मोठी किंमत वेगळीच होती. रशिया सोडल्यानंतरच्या २५ वर्षांत त्याने अवघ्या सहा मोठ्या रचना केल्या. देश हरवला तेव्हा लिहिण्याची ओढही हरवली, असे तो म्हणत असे.

साडेचार मिनिटांचा ब्लॉक

लिहिणे आटले, पण वाजवणे टिपले गेले. रेडिओवर वाजवायला तो तयार नसे, त्यामुळे तबकड्यांचे मोल अधिकच. १९२४ मध्ये दुसरा कन्चेर्टो मुद्रित करायचा प्रयत्न झाला तेव्हा मायक्रोफोन नव्हता. सगळ्यांनी एका कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसायचे. मग विजेवरचे मुद्रण आले आणि एप्रिल १९२९ मध्ये फिलाडेल्फियाला लिओपोल्ड स्टोकोव्स्कीच्या वाद्यवृंदाबरोबर संपूर्ण कन्चेर्टो मुद्रित झाला. दादांनी मला ऐकवला तो हाच, नंतरच्या लाँग प्ले तबकडीवर उतरवलेला.

ही कामगिरी कशी असेल हे आपल्या भाषेत सांगतो. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटेच मावत. आपल्याला लाइनवर ब्लॉक मिळतो, तेवढ्या मिनिटांत काम उरकून गाडीला वाट मोकळी करायची, तसाच हा प्रकार! अर्ध्या तासाच्या रचनेचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा एका दमात वाजवायचा, मध्ये थांबायचे आणि पुढचा तुकडा त्याच वेगात, त्याच मनःस्थितीत पुन्हा उचलायचा. जोडकाम नाही. एक सूर चुकला तर मेणाची नवी चकती आणि सगळा तुकडा पहिल्यापासून. त्यात हा माणूस स्वतःच्या बाबतीत महाकडक. मनासारखे झाले नाही ते बाहेर जाऊ देत नसे.

आणि ऐकताना सांधा कुठेच जाणवत नाही! त्याचे मानणे असे होते की प्रत्येक रचनेला एकच सर्वोच्च बिंदू असतो. सगळी वाट त्या बिंदूकडे गेली पाहिजे, तो निसटला तर सारे वादन कोसळले. सम चुकल्यावर गवयाचे जे होते तेच. १९२९ ची तबकडी ऐकताना हे कळते. या संगीताची कीर्ती रडवणारे संगीत म्हणून आहे, पण रचणारा स्वतः रडत नाही. वेग चांगला, डावा हात स्वच्छ, चाल आली की तिला कवटाळत बसत नाही. मागे व्हायोलिने मींड घेतल्यासारखी घसरत जातात आणि हा त्यांच्यामधून रुळावरून गेल्यासारखा सरळ जातो. दुःख सांगायला आवाज चढवावा लागत नाही, हे मला त्या तबकडीने शिकवले.

१९३४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी पागानिनीच्या चालीवरची रॅप्सोडी, १९३९-४० मध्ये यूजीन ऑर्मंडीबरोबर पहिला आणि तिसरा कन्चेर्टो, १९४१ च्या डिसेंबरात चौथा. असा सगळा संच पुरा झाला. तिसऱ्यात मात्र त्याने आपल्याच रचनेतले काही भाग गाळले आहेत. एवढा मोठा माणूस, पण लोक कंटाळतील ही धास्ती कायम! एका रचनेच्या वेळी तर श्रोते खोकू लागले की पुढची आवर्तने गाळायची, असा त्याचा हिशेब असे. १८९७ च्या त्या जिन्यावरचा मुलगा आत कुठेतरी अजून बसलेला होता.

शेवटचा प्रवास

१९४१ मध्ये हिटलरच्या फौजा रशियात घुसल्या. ज्या सरकारने त्याच्या संगीतावर बहिष्कार टाकला त्याच्याशी हिशेब करत न बसता त्याने न्यूयॉर्कच्या एका कार्यक्रमाचे उत्पन्न रशियन सैन्याच्या मदतीसाठी देऊन टाकले. फेब्रुवारी १९४३ मध्ये तो अमेरिकन नागरिक झाला. त्याच महिन्याच्या १७ तारखेला नॉक्सव्हिलला शेवटचा कार्यक्रम केला. शरीरात कर्करोग पसरला होता. २८ मार्च १९४३ रोजी कॅलिफोर्नियात तो गेला. सत्तरी पुरी व्हायला चार दिवस कमी होते. न्यूयॉर्कजवळ त्याची कबर आहे. पुढे लेनिनग्राडला त्या पडलेल्या सिंफनीचे सुटे कागद सापडले आणि १९४५ मध्ये मॉस्कोला ती पुन्हा वाजली. रचणारा मात्र ऐकायला नव्हता.

त्याच १९४५ मध्ये डेव्हिड लीनचा ब्रीफ एन्काउंटर हा चित्रपट आला. रेल्वे स्टेशनच्या उपाहारगृहात भेटणाऱ्या दोघांची ती गोष्ट, आणि तिला संगीत म्हणून हाच दुसरा कन्चेर्टो. वाफेच्या इंजिनाची शिटी आणि रखमानिनॉव! प्रत्येक रेल्वेवाल्याने एकदा पाहावा असा आहे.

ज्यांना ऐकायचे असेल त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातला क्रम देतो. आता सगळे मोबाईलवरही मिळते. आधी रचनाकाराचे १९२९ चे. जुन्या मुद्रणाची खरखर आहे, पाच मिनिटांत कान सरावतो. मग स्व्यातोस्लाव रिश्टरने १९५९ मध्ये वॉर्साच्या वाद्यवृंदाबरोबर वाजवलेला तोच कन्चेर्टो. इथे सुरुवातीचे स्वरमेळ इतके संथ की श्वास अडकतो. एकच नकाशा, पण किती वेगळी इमारत! तिसऱ्यासाठी व्लादिमीर होरोविट्झचे १९३० चे, आणि व्हॅन क्लायबर्नचे १९५८ चे. हा टेक्सासचा तेवीस वर्षांचा तरुण ऐन शीतयुद्धात मॉस्कोची चायकोव्स्की स्पर्धा जिंकून आला आणि न्यूयॉर्कला त्याने हा कन्चेर्टो वाजवला, त्याचे हे मुद्रण. एवढेच करून तो थांबला नाही. रशियातून आणलेले लायलॅकचे रोप त्याने रखमानिनॉवच्या कबरीपाशी नेऊन लावले. जिवंतपणी ज्याला गाव परत मिळाले नाही, त्याच्याकडे गावचे झाड गेले.

आपण सगळे गाव सोडून आलेलो. आपली गोष्ट त्याच्याइतकी कठीण नाही, आपल्याला परतीचे तिकीट काढता येते. तरी माझ्या क्वार्टरमागे आईने गावाहून आणून लावलेला अळू आहे, त्याला पाणी घालताना मला हे लायलॅक आठवते.

दादा आता नाहीत. ती तबकडी त्यांनी मला देऊन टाकली होती. त्या रविवारनंतर मी माळ्यावरून पुस्तके खाली काढली आणि तिसऱ्यांदा परीक्षेला बसलो. लेखी निघाली, अंतिम यादीत नाव आले नाही. आजही त्याच पदावर आहे. पण विषय निघाला तर आता उठून जात नाही.

असो. लेख लांबला. कोणाला ऐकावेसे वाटले तर रविवारी दुपारी घरी या. चहा आमच्याकडे, बोलणे तबकडी संपल्यावर.